सिंहासन हवे असलेली मुलगी

हॉली ब्लॅक या अमेरिकन लेखिकेची 'द क्रुएल प्रिन्स' ही कादंबरी २०१८ च्या जानेवारीत आली. वर्षभराने 'द विकेड किंग' आली आणि २०१९ सरायच्या आत 'द क्वीन ऑफ नथिंग' येऊन कथा पुरी झाली. ही तिन्ही पुस्तके आपल्याकडच्या कॉलेजवयीन मुली आवडीने वाचतात, एकमेकींना देतात, त्यांतल्या पात्रांवरून भांडतात. मोठ्यांच्या तोंडी मात्र या पुस्तकांविषयी एकच तक्रार असते. पऱ्यांच्या राज्यातला एक देखणा, माजोरडा राजपुत्र एका मुलीला छळतो आणि ती शेवटी त्याच्याच प्रेमात पडते. असले वाचून मुली काय घेणार? छळ करणारा पुरुष म्हणजेच प्रियकर, असे त्यांच्या मनावर ठसणार नाही का?

ही काळजी खोटी नाही. ज्या समाजात मुलीचा पाठलाग करणाऱ्याला सिनेमा नायक म्हणतो, तिथे ती वाटलीच पाहिजे. पण त्या काळजीपोटी या पुस्तकांवर ठेवलेला ठपका चुकीचा आहे. पुस्तक न वाचता, मुखपृष्ठ आणि मागचा मजकूर पाहून तो ठेवला गेला आहे. या कथेत प्रेम आहे, पण कथा प्रेमाची नाही. ती सत्तेची आहे. सत्ता कशी मिळते, कशी टिकते, तिच्यासाठी माणूस स्वतःचे काय काय गहाण टाकतो, हे सतरा वर्षांच्या मुलीच्या नजरेतून दाखवणारी अशी दुसरी किशोरकादंबरी मला पटकन आठवत नाही.

कथा सुरू होते एका खुनाने. ज्यूड सात वर्षांची असताना मॅडॉक नावाचा योद्धा तिच्या घरात शिरतो आणि तिच्या आईवडिलांना तिच्यासमोर ठार करतो. तो माणूस नव्हे, एल्फहेम या पऱ्यांच्या राज्याचा सेनापती. ज्यूडची आई पूर्वी त्याची बायको होती, त्याच्यापासून पळून माणसांत येऊन राहिलेली. मोठी बहीण व्हिव्ही ही मॅडॉकचीच मुलगी. तिला न्यायला तो आलेला असतो. ज्यूड आणि तिची जुळी बहीण टॅरिन या दोघी माणसाच्या मुली, पण बायकोच्या पोटच्या म्हणून त्यांनाही तो आपली जबाबदारी मानतो, बरोबर नेतो आणि मुलींसारखे वाढवतो. हातात तलवार देतो, डावपेच शिकवतो. आईवडिलांचा मारेकरी हाच बाप झालेला, आणि त्याच्यावर माया जडलेली. या एका गाठीवर तिन्ही पुस्तके उभी आहेत. ज्यूडला जे काही येते ते मॅडॉककडून आलेले आहे. तिची हाव, तिचा थंडपणा, शत्रूची पुढची चाल आधी ओळखण्याची तिची सवय, सगळे. आक्षेप घेणाऱ्यांच्या सारांशात मॅडॉकचे नावही नसते. राजपुत्र वगळून ही कथा कशीबशी सांगता येईल, मॅडॉक वगळून येणार नाही.

आता त्या राज्याचे नियम पाहावेत. पऱ्यांना खोटे बोलता येत नाही. दिलेला शब्द त्यांना अक्षरशः पाळावा लागतो. त्यामुळे तिथले सगळे राजकारण शब्दांच्या फटींतून चालते: अर्धे सत्य, सोयीचे मौन, दोन अर्थांचे वचन. माणूस मात्र खोटे बोलू शकतो. ज्या दरबारात ज्यूडला दुबळी, मर्त्य, नोकरांच्या लायकीची म्हणून हिणवतात, तिथे तिच्याकडे हे एकच शस्त्र असते. म्हणून राजपुत्र डेन तिला हेर म्हणून नेमतो. तिला खरे तर सरदारकी हवी असते, पण मॅडॉक त्या वाटेवर आडवा येतो. सरळ दार बंद झाल्यावर ती मागच्या दाराने दरबारात शिरते. विषप्रयोगाला बळी पडू नये म्हणून ती रोज थोडेथोडे विष खाऊ लागते, पाँटसच्या मिथ्रिडेटीस राजाबद्दल जे सांगतात तसे. हे विष तिला पुढे कामाला येते. मॅडॉकसमोर उभे राहायची वेळ येते तेव्हा ती त्याला तलवारीने नमवत नाही, विषाने नमवते.

डेनच्या राज्याभिषेकाच्या दिवशी उठाव होतो. थोरला राजपुत्र बालेकिन मॅडॉकच्या मदतीने डेनचा आणि राजघराण्याचा निकाल लावतो. पण एक अडचण उरते. मुकुट राजघराण्याच्या रक्ताच्या माणसानेच राजघराण्याच्या रक्ताच्या डोक्यावर ठेवला तर चालतो. म्हणजे बालेकिनला कुणीतरी दुसरा जिवंत वारस लागणार, आणि उरलेला असतो तो सर्वांत धाकटा, दारूत बुडालेला, कुणाच्या हिशेबात नसलेला कार्डन. तक्रारीतला राजपुत्र तो हाच. ज्यूड त्याला पकडते. एक वर्ष आणि एक दिवस माझी आज्ञा पाळशील, असे वचन त्याच्याकडून घेते. आपल्या सावत्र भावाला, लहानग्या ओकला, गादीवर बसवायचे आहे असे तिने कार्डनला सांगितलेले असते. ऐनवेळी मुकुट ओकच्या हातून कार्डनच्याच डोक्यावर जातो. राजा तो आणि राज्य हिचे, कारण त्याला हिचा हुकूम मोडता येत नाही. पहिले पुस्तक इथे संपते. यात छळणाऱ्याच्या पायाशी लोळण घेतलेली मुलगी कुठे दिसते?

छळ आहे, तो मी झाकणार नाही. कार्डन आणि त्याचे मित्र पहिल्या पुस्तकात ज्यूडला नदीत ढकलतात, भुरळ पाडणारे फळ तिच्या तोंडात कोंबले जाते, तिची चारचौघांत विटंबना होते. त्या टोळक्यातला व्हॅलेरियन तिच्या खोलीत शिरून तिच्या जिवावर उठतो. ती त्याला मारते, गुपचूप पुरते आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी वावरते. लेखिका हे सगळे खेळकर छेडछाड म्हणून रंगवत नाही. वाचताना भीती वाटते, किळस येते. कार्डनला घरी थोरला भाऊ नोकराकरवी चाबकाने फोडून काढतो हे ज्यूड लपून पाहते, आणि तेव्हाही 'बिचारा' म्हणून तिचा राग विरघळत नाही. त्याच्या क्रूरतेचे मूळ तिला कळते, पण त्या क्रूरतेला माफी मिळत नाही. हा फरक आपल्या कितीतरी नावाजलेल्या प्रेमकथांना सांभाळता आलेला नाही.

आणि ज्या क्षणी प्रेमाची सुरुवात होते तो क्षण कसा आहे? कार्डन तिचा कैदी आहे, तिच्या हातात सुरी आहे. पुढचे जवळजवळ सबंध पुस्तक तो तिच्या आज्ञेत बांधलेला आहे. इथे लेखिकेने जो प्रश्न उभा केला आहे तो मला फार मोलाचा वाटतो: ज्याला नाही म्हणताच येत नाही, त्याच्या होकाराला काय अर्थ? हा प्रश्न आपण पुरुषाच्या हाती सत्ता असताना विचारायला शिकलो, आणि त्यालाही किती उशीर लागला. ब्लॅक तो मुलीच्या हाती सत्ता देऊन विचारते. ज्यूड आज्ञा देते, तिला त्यात सुख वाटते, त्या सुखाची तिला भीती वाटते, आणि वर्ष संपत येईल तसा हुकूम सोडून द्यायची कल्पनाही तिला सोसवत नाही. राजपुत्राचा दुष्टपणा मोजणाऱ्यांनी नायिकेचा मोजलेलाच नाही. सोळा-सतरा वर्षांच्या वाचक मुली तो मोजतात. त्यांचे वाद ऐकावेत: ज्यूड बरोबर होती का, तिने कार्डनला किती वापरले, मॅडॉकमध्ये आणि तिच्यात फरक उरला का. ज्यांच्या भाबडेपणाची आपण काळजी करतो आहोत त्या वाचक आपल्यापेक्षा नीट वाचत आहेत.

माझा संशय असा आहे की छळाचे कारण पुढे केले जाते आणि खरी अस्वस्थता वेगळीच असते. ज्यूडला सत्ता हवी आहे, आणि तिच्याजवळ त्यासाठी सभ्य सबब नाही. आईवडिलांच्या खुनाचा सूड हवा असता तर आपल्याला चालले असते. प्रजेचे रक्षण करायचे असते, मुलाचा हक्क मिळवायचा असता, नवऱ्याचे राज्य राखायचे असते तरी चालले असते. ज्यूड धाकट्या भावाचे भले पाहतेच, पण तेवढ्यासाठी ती हे करत नाही. तिला ते हवे असते म्हणून ती करते. ज्यांनी तिला माती समजले त्यांना तिच्यासमोर वाकलेले पाहायचे असते. ही इच्छा उदात्त नाही. पण ती मुलग्याला असली तर कथा तिला तेज म्हणते, आणि मुलीला असली की आपण मुलांवर होणाऱ्या परिणामांची चर्चा सुरू करतो.

आपल्याकडे याची पाळेमुळे खोल आहेत. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतर पेशवाईची वस्त्रे मिळाली ती रघुनाथरावाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी ठरवले तेही रघुनाथरावाला. आणि अडीचशे वर्षे प्रत्येक शाळकरी पोराच्या तोंडी काय आहे? आनंदीबाईने केलेला 'ध' चा 'मा'. ही आख्यायिका आहे हे आपल्याला माहीत असते, तरी ती सांगताना आपला आवाज किती ठाम होतो. कटात हात बरबटलेले पुरुष विसरून आपण एका बाईकडेच बोट दाखवत राहिलो. या सवयीत वाढलेल्या समाजाला ज्यूड खुपणारच. तिचा बचाव करावा असेही मी म्हणत नाही. ती जे करते त्यातले बरेच काही वाईट आहे. पण वाईट नायक समजून घेण्याची जी मुभा आपण स्वतःला आनंदाने देतो, तीच वाईट नायिकेच्या बाबतीत मुलींनाही असली पाहिजे.

इथे टॅरिनबद्दल बोलायलाच हवे, कारण तिच्यामुळे या पुस्तकाची खरी खोली कळते. दोघी बहिणींचे रूप एक, दुःख एक, पेच एक: आपल्याला तुच्छ मानणाऱ्या लोकांत जगायचे कसे? ज्यूड तलवार निवडते. टॅरिन लग्न निवडते. दरबारातल्या एखाद्या उमरावाची बायको झाले की कुणी हात लावणार नाही, हे तिचे गणित. त्या लग्नासाठी ती बहिणीचा अपमान उघड्या डोळ्यांनी होऊ देते, आणि ज्याच्याशी लग्न होते तो लॉक तिला असा रिझवत, असा डिवचत ठेवतो की अखेर तिसऱ्या पुस्तकात त्याचा खून तिच्याच हातून होतो. मग चौकशीला टॅरिनच्या वेषात ज्यूड उभी राहते, कारण तिच्यावर भुरळ चालत नाही, म्हणून तिला चौकशीतही खोटे बोलता येते. महत्त्वाकांक्षा तलवारवाल्या बहिणीलाच होती असे कोण म्हणेल? स्थळ पाहून, मान खाली घालून, सगळे सोसून जागा मिळवणे हीसुद्धा एक चाल आहे आणि आपल्या घरांघरांत ती पिढ्यानपिढ्या खेळली गेली आहे. तिला आपण संस्कार म्हटले, एवढेच. टॅरिनला लेखिकेने मूर्ख ठरवलेले नाही. तिच्या वाटेची किंमत काय पडते ते दाखवले आहे, जशी ज्यूडच्या वाटेची दाखवली.

हे सगळे पऱ्यांच्या राज्यात कशाला, वास्तवात लिहावे, असेही म्हटले जाते. हा वाद मराठीला नवा नाही. आपली आरंभीची कादंबरीच अद्भुताच्या अंगाने वाढली. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची. तिच्या मागोमाग रिसबुडांची 'मंजुघोषा' आली. राजकन्या, कारस्थानी मंत्री, वियोग आणि पुनर्भेट यांनी भरलेल्या या कथा लोकांनी भरभरून वाचल्या. १८७२ मध्ये काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल व नाटक यांविषयीच्या आपल्या निबंधात या असंभाव्यतेवर टीका केली. त्या वेळी ती टीका गरजेची होती आणि तिने मराठी कादंबरीचे भलेच केले. पण ती टीका अद्भुताच्या आळसावर होती. जिथे अद्भुत म्हणजे लेखकाला अडचणीतून सोडवणारा योगायोग, तिथे ती आजही लागू पडते. एल्फहेममध्ये अद्भुत लेखिकेला सोडवत नाही, उलट बांधते. खोटे बोलायचे नाही, शब्द मोडायचा नाही, मुकुट रक्ताबाहेर जाणार नाही: इतक्या अटींत कट रचून दाखवणे वास्तववादी राजकीय कादंबरीहून सोपे नाही. शब्दात अडकलेला राजा आपल्याला परका कसा वाटेल? दशरथाला दोन वरांनी बांधलेले ऐकत आपण मोठे झालो.

शिवाय हे जग ब्लॅकने हवेतून आणलेले नाही. शब्दाला बांधलेले, देखणे आणि निर्दय असे परीजन स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या लोककथांतून आलेले आहेत. माणसांच्या रक्तात टोपी बुडवणारा 'रेडकॅप' हा त्या सीमाभागातला भूतपिशाच्चाचा प्रकार, आणि मॅडॉक त्याच जातीचा. 'टॅम लिन' या स्कॉटिश पोवाड्यात परीराणीच्या तावडीतला प्रियकर नायिकेच्या मिठीत साप होतो, हिंस्र पशू होतो, आणि ती त्याला सोडत नाही, म्हणून जिंकते. 'द क्वीन ऑफ नथिंग'मध्ये कार्डन शापाने महाकाय सर्प होतो. ज्यूडच्या हाती एक सोनेरी लगाम येतो. तो घातला तर सर्प कायमचा तिच्या ताब्यात, आणि त्याच्याबरोबर निर्वेध राज्य. ज्यूड लगाम टाकते आणि सर्पाचे डोके उडवते. जुन्या पोवाड्यातली बाई धरून ठेवून जिंकते, ही सोडून देऊन. दुसऱ्या पुस्तकात आज्ञेचा जो प्रश्न उघडला होता त्याचे हे उत्तर आहे. प्रेमाने नायिकेची महत्त्वाकांक्षा बोथट केली, शेवटी तीही संसाराला लागली, असे म्हणणाऱ्यांनी हे पान पुन्हा वाचावे. तोवर ती कार्डनशी लग्न करून राणी झालेली आहे आणि राणीच राहते. सोडते ती दुसऱ्याच्या मानेवरची दोरी.

त्यानंतर मेलेल्या सर्पातून कार्डन जिवंत बाहेर येतो, आणि इथे माझे लेखिकेशी भांडण आहे. जी किंमत मोजायला ज्यूड तयार झाली ती तिला मोजावीच लागत नाही. एकूण तिसरे पुस्तक घाईचे आहे. पहिल्या दोन पुस्तकांत माणसांच्या डोक्यातून निघणारे डाव इथे शाप आणि भाकितांवर सोपवले आहेत. लग्नानंतर कार्डनने ज्यूडला दिलेला हद्दपारीचा हुकूम असा शब्दबद्ध केलेला की मुकुटाने क्षमा केली की तो संपतो, आणि राणी या नात्याने मुकुट ज्यूडच आहे, हे तिच्यासारख्या शब्दफटी शोधणाऱ्या मुलीला इतके दिवस सुचू नये, हेही पटत नाही. दुसरी उणीव यापेक्षा गंभीर आहे. बालेकिनच्या वाड्यात जादूने गुंगवलेली माणसे नोकर म्हणून राबतात. त्यांतल्या सोफी नावाच्या मुलीला ज्यूड सोडवते. भुरळ उतरल्यावर आपल्यावर काय गुदरले हे सोफीला कळते आणि ती खिशात दगड भरून समुद्रात उडी घेते. वाचकाला हा प्रसंग सोडत नाही, पण लेखिका त्याच्याकडे पुरेशी परत येत नाही. माणूस असलेली मुलगी राणी झाली तेव्हा त्या राबणाऱ्या माणसांचे काय झाले, हा प्रश्न कथेने मध्यभागी आणायला हवा होता. या पुस्तकांवर टीका करायची तर अशी करावी. पण त्यासाठी वाचावे लागते.

राहता राहिले परकेपण. आपल्या मुली इंग्रजीतले परीदरबार वाचतात आणि मराठीकडे वळत नाहीत, हे दुःख मलाही आहे. पण त्यांच्या हातातले पुस्तक काढून घेतल्याने त्या मराठीकडे येणार नाहीत. त्यांना हवे असलेले काही मराठीत असेल तर येतील, आणि त्यासाठी पऱ्याही लागत नाहीत. १७०० मध्ये राजाराम सिंहगडावर वारले तेव्हा ताराबाई पंचविशीत होत्या. त्यांनी आपल्या मुलाला गादीवर बसवून सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली. १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आला तेव्हा त्याचा हक्क नाकारून त्याच्याशी लढल्या, हरल्या, आणि पुढे कोल्हापूरची वेगळी गादी उभी केली. १७१४ मध्ये सवतीने, राजसबाईने, डाव उलटवला आणि ताराबाई कैदेत गेल्या. म्हातारपणी त्यांनी रामराजा हा आपला नातू असल्याचे शाहूला सांगितले, तो छत्रपती झाला, आणि तो आपल्या मुठीत राहत नाही असे दिसताच १७५० मध्ये साताऱ्याच्या किल्ल्यावर त्याला कैद करून हा तोतया आहे असे जाहीर केले. १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबाच्या देवळात त्यांनी तशी शपथही घेतली. महत्त्वाकांक्षा, कैद, वारस, तोतया, देवासमोरची शपथ, सगळे आहे. पण आपण त्यांना पहिल्या सात वर्षांसाठी रणरागिणी म्हणतो आणि उरलेली चौपन्न वर्षे आवाज खाली करून सांगतो. ती चौपन्न वर्षे, ताराबाईंच्या हावेला माफी न मागता, सोळा वर्षांच्या मुलीसाठी मराठीत कुणीतरी लिहावीत. ते पुस्तक आल्यावर त्यातल्या नायिकेच्या वागण्याचा मुलींवर काय परिणाम होईल अशी ओरड होईल, आणि तेव्हाही मी याच बाजूने लिहीन.